मोकळा कुत्रा आणि मोकाट कुत्रा : उत्तर ध्रुवीय प्रवासवाङ्मयातील एका प्रसंगाचा विचार

१

उत्तर ध्रुववृत्ताच्या आसपासच्या प्रदेशाविषयी जे प्रवासवाङ्मय आणि जे कथावाङ्मय निर्माण झाले आहे, त्यात एक प्रसंग पुनःपुन्हा आढळतो. दक्षिणेकडून आलेला प्रवासी बर्फाळ रानातून वाटचाल करीत असतो. मनुष्यवस्तीची खूण कोठे दिसत नाही. अशा वेळी त्याची गाठ तेथील रहिवाशांच्या गाडीला जुंपल्या जाणाऱ्या कुत्र्यांशी पडते. माणसे मागाहून दिसतात. कुत्रे आधी दिसतात. त्या क्षणी प्रवाशाला जे वाटते ते तो लिहून ठेवतो, आणि वाचकाच्या मनात उत्तरेचे जे पहिले चित्र उमटते ते बहुधा या वर्णनातूनच.

या प्रसंगाचा विचार सहसा दोन अंगांनी केला जातो. कुत्र्याचे वर्णन प्राणिशास्त्राच्या दृष्टीने यथार्थ आहे की नाही, हे एक अंग. आणि तो कुत्रा कशाचे प्रतीक आहे, हे दुसरे. युधिष्ठिरामागून उत्तरेच्या वाटेने चाललेल्या कुत्र्याची कथा लहानपणापासून ऐकलेल्या वाचकाला हे दुसरे अंग विशेष जवळचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या दोहोंहून निराळा असा एक प्रश्न आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. समोर आलेल्या कुत्र्याला कोणी धनी आहे, ही गोष्ट लेखकाच्या ध्यानात आहे काय?

मराठीत 'मोकळा' आणि 'मोकाट' हे शब्द एकमेकांच्या जवळचे असले तरी त्यांच्या अर्थांत मोठे अंतर आहे. मोकळे जनावर कोणीतरी सोडलेले असते आणि ते का सोडले हे सोडणाऱ्याला ठाऊक असते. मोकाट जनावराला धनी नसतो. किंवा असला तरी तो कोणी हिशेबात धरीत नाही. उत्तरेच्या वाङ्मयातील कुत्रा मोकळा आहे की मोकाट, या कसोटीवर काही प्रसिद्ध ग्रंथ तपासून पाहिले असता त्या ग्रंथांचे परस्परांतील भेद तर स्पष्ट होतातच. शिवाय एका शब्दाच्या निवडीचा परिणाम प्रत्यक्ष जीवनात कोठवर पोहोचतो, हेही दिसून येते.

२

तुलनेसाठी प्रथम वस्तुस्थिती ध्यानात घेणे अवश्य आहे. उत्तरेचा कुत्रा म्हणजे अर्धवट माणसाळलेला लांडगा, अशी समजूत फार रूढ आहे. अलीकडील जनुकीय संशोधनाने तिला आधार मिळत नाही. सैबेरियाच्या उत्तरेस असलेल्या झोखोव बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या कुत्र्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आजच्या गाडीच्या कुत्र्यांशी त्याचे जवळचे नाते असल्याचे त्यातून निष्पन्न झाले. परंतु अमेरिकेच्या ध्रुवीय प्रदेशातील लांडग्यांचा लक्षणीय संकर गाडीच्या कुत्र्यांत आढळला नाही. इनुइट लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी पूर्वेकडे पसरले तेव्हा त्यांनी गाडी ओढणारे आपले कुत्रे बरोबर आणले, असे २०१९ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखविले आहे. तेव्हा हा कुत्रा रानातून आलेला नसून माणसांबरोबर आलेला आहे. तो निसर्गाचा भाग नसून एका संस्कृतीचा भाग आहे.

त्याला जुंपण्याची पद्धतही हेच सांगते. जंगलातील अरुंद पायवाटेवर कुत्रे एकामागे एक किंवा जोडीजोडीने जुंपतात. समुद्रावरील उघड्या बर्फावर मात्र प्रत्येक कुत्र्याची वादी स्वतंत्रपणे गाडीला बांधलेली असते आणि कुत्रे पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसरून धावतात. यामुळे बर्फावर भार विभागला जातो; आणि पातळ बर्फ लागला तर प्रत्येक कुत्र्याला आपल्यापुरती वाट काढता येते. गाडी ओढणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक होय. बर्फाखाली श्वासासाठी सीलने राखलेले छिद्र वासाने हुडकणे, अस्वलाला किंवा कस्तुरीबैलाला शिकारी येईपर्यंत अडवून धरणे, वादळात घराची वाट सापडविणे, उन्हाळ्यात पाठीवर ओझे वाहणे, ही कामेही त्याचीच.

ही सर्व कामे शिकण्यासाठी कुत्र्याला, विशेषतः पिलाला, मोकळे राहावे लागते. सदैव साखळीला बांधलेला कुत्रा अन्न शोधीत नाही, बर्फ ओळखीत नाही आणि धन्याची भाषाही शिकत नाही. मोकळेपणा हा येथे हयगयीचा परिणाम नाही. तो शिक्षणाचा भाग आहे. इनुक्टिटुट भाषेत कुत्र्याला 'किम्मिक' आणि अनेक कुत्र्यांना 'किम्मीत' म्हणतात. इतर प्राण्यांना नसलेली एक गोष्ट या प्राण्याला आहे. ती म्हणजे त्याचे स्वतःचे नाव.

३

जॅक लंडन १८९७ साली सोन्याच्या शोधात क्लोंडाइकला गेला आणि दुसऱ्या वर्षी परतला. 'द कॉल ऑफ द वाइल्ड' ही त्याची कादंबरी १९०३ साली आणि 'व्हाइट फँग' १९०६ साली प्रसिद्ध झाली. जगभरच्या वाचकांच्या मनातील गाडीचा कुत्रा बव्हंशी या दोन कादंबऱ्यांनी घडविला आहे.

पहिल्या कादंबरीचा नायक बक हा उत्तरेचा कुत्रा नव्हे, ही गोष्ट सहज विसरली जाते. तो कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाच्या घरी वाढलेला संकरित कुत्रा आहे. लंडनला डॉसन येथे भेटलेल्या बाँड बंधूंच्या कुत्र्यावरून तो सुचला. म्हणजे कुत्र्याच्या रूपाने येथे दक्षिणेचा प्रवासीच उत्तरेत उतरला आहे. स्थानिक कुत्र्यांशी त्याची पहिली भेट डायीच्या किनाऱ्यावर होते. त्याच्याबरोबर आलेली सालस कुत्री कर्ली एका हस्की कुत्र्याशी सलगी करू पाहते; तो क्षणार्धात तिचा चेहरा फाडतो, आणि ती खाली पडताच भोवती जमलेला कळप तिच्यावर तुटून पडतो. या भूमीत न्याय नाही, हा धडा बक येथे घेतो. प्रसंगाची मांडणी निर्विवादपणे प्रभावी आहे.

यापुढचा प्रसंग अधिक अर्थपूर्ण आहे. तिसऱ्या प्रकरणात तलावाकाठच्या तळावर उपाशी हस्की कुत्र्यांची झुंड चालून येते. त्यांची संख्या ऐंशी ते शंभर आहे. ते कोठल्या तरी इंडियन गावातून वासाच्या मागाने आले, एवढेच लेखक सांगतो. शंभर कुत्रे उपाशी आहेत याचा अर्थ गावही उपाशी असले पाहिजे. ते गाव कोणते, त्यावर कोणते संकट आले, कुत्र्यांचे धनी कोठे आहेत, हे प्रश्न कथेत उद्भवतच नाहीत. कुत्रे येतात, अन्न फस्त करतात, चामड्याचे सामानही चावून टाकतात आणि निघून जातात. संपूर्ण गावाची दुर्दशा लेखकाच्या हाताशी आलेली असताना तिचे रूपांतर एका नैसर्गिक आपत्तीत झाले आहे. हे कुत्रे मोकाट आहेत. कारण त्यांचे धनी कादंबरीच्या जगाबाहेर ठेवलेले आहेत.

स्थानिक माणसे कादंबरीच्या अखेरीस प्रवेश करतात ती बकच्या धन्याचे मारेकरी म्हणून. 'यीहॅट' हे त्यांचे नावही लेखकाने कल्पिलेले आहे. पुढे हेच लोक बकविषयी भुताची कथा सांगू लागतात. म्हणजे साऱ्या ग्रंथात कुत्र्याविषयी स्थानिकांच्या तोंडी जी एकुलती कथा आहे, ती दक्षिणेच्या कुत्र्याविषयी आहे आणि ती सांगणारा समाज काल्पनिक आहे.

'व्हाइट फँग'मध्ये लंडनने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. येथे कुत्र्याला ग्रे बीव्हर हा स्थानिक धनी आहे. गावातील दुष्काळाचे प्रकरण तर विशेष उल्लेखनीय आहे: माणसे जोड्यांचे आणि हातमोज्यांचे चामडे खातात, कुत्रे एकमेकांना खातात आणि अखेर माणसे कुत्र्यांना खातात. पहिल्या कादंबरीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच जणू येथे मिळते. परंतु कुत्र्याच्या दृष्टीने देव असलेली ही माणसे गोरी माणसे भेटताच खालच्या पायरीवर जातात. गोरे हे अधिक समर्थ देव ठरतात, आणि ग्रे बीव्हर दारूच्या पायी आपला कुत्रा गमावतो. धनी आहे, पण धनी राहण्यास तो अपात्र आहे, असा निर्णय कथानकानेच दिला आहे.

लंडनच्या या लेखनावर त्याच्या काळी मोठा वाद झाला. जॉन बरोज याने १९०३ साली प्राण्यांवर मानवी भावना लादणाऱ्या लेखकांवर टीका केली. १९०७ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या टीकेत लंडनचेही नाव घेतले, आणि १९०८ साली लंडनने त्यास उत्तर दिले. कुत्रा विचार करतो की केवळ उपजत प्रेरणेने वागतो, हा त्या वादाचा विषय होता. उभय पक्षांनी कुत्र्याच्या मनाची कसून चौकशी केली. कुत्र्याच्या धन्याची चौकशी मात्र कोणीच केली नाही.

४

प्रत्यक्ष प्रवाशांच्या ग्रंथांत वृत्ती निराळी आहे. त्यांना कुत्रा हवा असतो तो अंतर कापण्यासाठी. नान्सेन आणि योहान्सेन १४ मार्च १८९५ रोजी 'फ्राम' जहाज सोडून ध्रुवाकडे निघाले तेव्हा त्यांच्यापाशी तीन गाड्या आणि अठ्ठावीस कुत्रे होते. दुबळा कुत्रा मारावा आणि त्याचे मांस उरलेल्यांना घालावे, असा बेत आधीच ठरलेला होता. नान्सेनने हे लपविले नाही, आणि त्याचा सल त्याच्या लेखनात जागोजाग जाणवतो. शेवटी कायफास आणि सुगेन हे दोनच कुत्रे उरले. पुढे पाणी असल्यामुळे त्यांनाही नेणे अशक्य झाले, तेव्हा आपला कुत्रा आपल्या हाताने मारवेना म्हणून दोघांनी एकमेकांचा कुत्रा मारला. उत्तरेच्या वाङ्मयात याहून करुण प्रसंग थोडेच असतील.

आमुंडसेनचा हिशेब अधिक कोरडा आहे. १९०३ ते १९०५ या काळात तो नेटसिलिक इनुइटांच्या सहवासात राहिला आणि कुत्री हाकण्याची व थंडीत वावरण्याची कला त्याने त्यांच्यापासून शिकून घेतली. पुढे ग्रीनलंडचे कुत्रे घेऊन तो दक्षिण ध्रुवावर गेला. बावन्न कुत्र्यांनिशी निघालेली तुकडी १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचली आणि अकरा कुत्र्यांनिशी परतली. वाटेत एके ठिकाणी चोवीस कुत्रे मारण्यात आले. त्या जागेला प्रवाशांनी खाटकाचे दुकान असे नाव दिले.

या ग्रंथांत कुत्रा मोकाट नाही. त्याला धनी आहे, नाव आहे, स्वभाव आहे. परंतु तो धनी प्रवासी स्वतः आहे. ज्या माणसांनी हा प्राणी पिढ्यानुपिढ्या घडविला ती माणसे खरेदीच्या वेळी दिसतात आणि मग दिसेनाशी होतात. लंडनने कुत्रा रानाला दिला, प्रवाशांनी तो मोहिमेला दिला. ज्यांचा होता त्यांच्यापाशी तो दोघांनीही ठेवला नाही. तथापि दोहोंत भेद केला पाहिजे. प्रवाशाचा हिशेब कठोर असला तरी खरा आहे, आणि कुत्र्याच्या मृत्यूची जबाबदारी तो स्वतःकडे घेतो.

५

क्नूद रासमुसेनच्या ग्रंथांत हा प्रसंग पालटतो. त्याचा जन्म १८७९ साली ग्रीनलंडमध्ये झाला. आईकडून त्याचे नाते इनुइटांशी होते. ग्रीनलंडी भाषा तो लहानपणीच बोलू लागला आणि कुत्री हाकणेही त्याच वयात शिकला. १९२१ ते १९२४ या काळातील पाचव्या थुले मोहिमेत त्याने हडसन उपसागराच्या प्रदेशातून पॅसिफिकच्या बाजूपर्यंत कुत्र्यांच्या गाडीने प्रवास केला. अर्नारुलुंगुआक ही स्त्री आणि मितेक हा तरुण, असे दोन ग्रीनलंडी इनुइट त्याच्याबरोबर होते. १९२७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले त्याचे प्रवासवर्णन वाचताना एक गोष्ट जाणवते. कुत्रे येथे सतत आहेत. परंतु त्यांच्या भेटीचा धक्का नाही. त्यांच्यासाठी मांस कोठून मिळवावे, हा रोजचा प्रश्न आहे. रासमुसेनला अनोळखी कुत्रा दिसतो तेव्हा त्याची दृष्टी माणसाला शोधू लागते, आणि माणूस भेटला की तो त्याला बोलू देतो.

असे बोलू दिल्यामुळेच कुत्र्याविषयीची स्थानिक कथा ग्रंथात येऊ शकते. लग्नास नकार देणाऱ्या आणि पुढे कुत्र्याची पत्नी झालेल्या मुलीची कथा पूर्वी फ्रान्झ बोआस यानेही नोंदविली होती. तिच्या पिलांपैकी काही जोड्याच्या तळव्याच्या होडीतून समुद्रापार गेली आणि त्यांच्यापासून गोऱ्या लोकांचा वंश निर्माण झाला, असे ती कथा सांगते. लंडनच्या कादंबरीत गोरा मनुष्य कुत्र्याचा देव आहे. या कथेत तो कुत्र्याचे अपत्य आहे. उत्तरेची दोन वाङ्मये एकाच प्राण्याविषयी किती भिन्न गोष्टी सांगतात, याचे हे उत्कृष्ट उदाहरण होय.

मितिआर्जुक नाप्पालुक या नुनाविकमधील लेखिकेची 'सनाक' ही कादंबरी याच्याही पुढे जाते. मिशनऱ्यांना भाषा शिकता यावी म्हणून त्यांच्या विनंतीवरून तिने १९५०च्या दशकात इनुक्टिटुट अक्षरलिपीत हे लेखन आरंभिले. मूळ भाषेत ते १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे फ्रेंच व इंग्रजीत उतरले. आरंभीच सनाक ही स्त्री चटईसाठी खुरट्या झुडपांच्या काटक्या गोळा करण्यास बाहेर पडते, आणि तिच्याबरोबर तिचे कुत्रे असतात. येथे भेटीचा प्रसंगच नाही. कारण घरातल्यांची भेट होत नसते. प्रवाशाच्या ग्रंथात जो प्रसंग सर्वांत नाट्यपूर्ण, तो रहिवाशाच्या ग्रंथात संभवतच नाही. यावरून त्या नाट्याचे मूळ कुत्र्यात नसून पाहणाऱ्याच्या अनोळखीपणात आहे, हे सिद्ध होते.

६

हा भेद केवळ वाङ्मयीन असता तर येथेच थांबता आले असते. परंतु ज्या दशकात मितिआर्जुक लिहीत होती त्याच दशकात तिच्या प्रदेशातील कुत्र्यांवर मोठे संकट कोसळले. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून पुढे वीसएक वर्षे कॅनडाच्या पूर्वेकडील ध्रुवीय प्रदेशात इनुइट कुटुंबे विखुरलेल्या तळांवरून शाळा, दवाखाना आणि दुकान असलेल्या स्थायी वस्त्यांत येत होती. वस्तीत कुत्रा बांधून ठेवला पाहिजे, असा कायदा होता. न बांधलेला कुत्रा पोलीस किंवा इतर अधिकारी गोळी घालून मारीत. अनेक कुटुंबांचे सर्व कुत्रे अशा रीतीने गेले आणि त्यांबरोबर शिकारीचे साधनही गेले.

अधिकाऱ्यांची बाजू सर्वस्वी निराधार नव्हती. दाट वस्तीत सैल कुत्र्यांपासून मुलांना धोका होता आणि कुत्र्यांत रोगाच्या साथीही येत. याच सुमारास यांत्रिक बर्फगाड्या आल्या, त्यामुळे कुत्र्यांची संख्या घटण्यास ते एक कारण झाले, हेही खरे. पोलीस दलाने २००६ साली सादर केलेल्या आपल्या अहवालात योजनाबद्ध संहाराचा आरोप नाकारला. परंतु किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने २०१० साली शेकडो कुत्रे मारले गेल्याची नोंद केली आणि कायदा व त्याचे परिणाम धन्यांना नीट समजावून देण्यात आले नव्हते, हे दाखवून दिले. त्याच वर्षी न्यायमूर्ती क्रोतो यांच्या अहवालाने नुनाविकमध्ये हजाराहून अधिक कुत्रे मारले गेल्याचे म्हटले. क्वेबेकच्या शासनाने २०११ साली भरपाई दिली. कॅनडाच्या केंद्रीय शासनाने किकिक्तानीच्या लोकांची २०१९ साली आणि नुनाविकच्या लोकांची नोव्हेंबर २०२४ मध्ये क्षमा मागितली. हा दुसरा समारंभ कांगिक्सुजुआक येथे झाला. मितिआर्जुकचे गाव तेच.

या प्रकरणी दोन्ही पक्ष एकाच कुत्र्याविषयी बोलत होते. धन्याच्या दृष्टीने तो मोकळा होता, आणि त्याचे मोकळे असणे हीच त्याची जोपासना होती. अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो मोकाट होता, आणि मोकाट कुत्र्याविषयी धन्याला विचारण्याचे कारण उरत नाही. हेच पोलीस दल स्वतः १९६९ सालापर्यंत कुत्र्यांच्या गाडीने गस्त घालीत होते. कुत्र्याची उपयुक्तता त्यांना ठाऊक नव्हती असे नाही. दुसऱ्याचा कुत्रा हा कोणाचा तरी कुत्रा आहे, हे मात्र त्यांच्या नजरेस पडत नव्हते.

७

यावर असा आक्षेप येऊ शकेल की, कादंबरीकाराने कल्पनेने रंगविलेल्या कुत्र्याचा आणि अर्धशतकानंतरच्या शासकीय व्यवहाराचा संबंध जोडणे अन्यायाचे आहे. लंडनच्या कादंबऱ्यांमुळे कुत्रे मारले गेले, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे म्हणणे वाङ्मयाच्या सामर्थ्याविषयी अतिशयोक्ती करणे होईल. रानाची ओढ आणि संस्काराचा ताण यांचे जे चित्र लंडनने रेखाटले, त्याची वाङ्मयीन योग्यताही या चर्चेने कमी होत नाही. म्हणणे एवढेच आहे की, तलावाकाठच्या तळावर चालून आलेल्या शंभर कुत्र्यांना धनी नसावा, हे लेखकाला आणि त्याच्या लक्षावधी वाचकांना खटकले नाही. आणि वस्तीतील कुत्र्याचा धनी न विचारता त्यास गोळी घालणे अधिकाऱ्याला खटकले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून निर्माण झाल्या आहेत. कायदा ती सवय निर्माण करीत नाही. तो तिच्यावर विसंबतो. वर्णन ती सवय घडवू शकते, आणि मोडूही शकते.

म्हणून प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासकाने परक्या प्रदेशातील प्राण्याचे वर्णन वाचताना तीन प्रश्न विचारणे इष्ट ठरेल. या प्राण्याला धनी आहे काय? असल्यास त्याला नाव आहे काय? आणि त्या धन्याचे प्राण्याविषयीचे बोलणे ग्रंथात ऐकू येते काय? लंडनच्या पहिल्या कादंबरीत तिन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी येते. दुसरीत धनी आणि त्याचे नाव येते, परंतु त्याचे बोलणे थोडकेच येते. नान्सेन आणि आमुंडसेन यांच्या ग्रंथांत प्रवासी स्वतःच्याच वतीने उत्तरे देतात. रासमुसेनपाशी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होऊ लागते, आणि 'सनाक'मध्ये ते प्रश्न विचारण्याचीच गरज राहत नाही.

मराठी वाचकाला उत्तरेचा परिचय इंग्रजीच्या द्वारा आणि प्रामुख्याने लंडनसारख्या लेखकांच्या ग्रंथांतून झाला आहे. 'सनाक'सारखी कृती आणि सत्यशोधन आयोगापुढील वृद्ध इनुइटांच्या साक्षी त्या ग्रंथांशेजारी ठेवून वाचल्या गेल्या, तर लंडनची कादंबरी त्यामुळे फिकी पडणार नाही. मात्र तळावर चालून आलेले ते शंभर उपाशी कुत्रे कोणत्या गावचे होते, असा प्रश्न वाचकाच्या मनात राहील. आणि तो राहावा, हेच योग्य आहे.